हिची वही आणि लिनक्सवरचे पत्ते

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. दिवाळीनंतर ब्लॉगवर एकही ओळ नाही म्हणून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. मी पत्ते खेळत होतो! पंचाहत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर मुलांना 'पत्ते कुटू नका' म्हणून सांगणारा मास्तर दोन-तीन महिने लिहिणं सोडून पत्ते खेळत बसतो म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. तेच आज सांगणार आहे. थोडं लांबेल. पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात झाली लॅपटॉपपासून. माझा लॅपटॉप २०१६ सालचा. त्यात विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपणार, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. वर्षभराची मुदतवाढ घेता येत होती, पण पुढे काय, हा प्रश्न होताच. विंडोज ११ टाकावं तर त्याच्या अटींत माझं यंत्र बसेना. प्रोसेसर जुना पडला होता. म्हणजे लॅपटॉप धडधाकट, पण त्याचं वय झालं म्हणून निवृत्त! मला आपलं ३० एप्रिल २००८ आठवलं. त्या दिवशी मीही असाच धडधाकट होतो.

दिवाळीला नातू पुण्याहून आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फराळाचं ताट मांडीवर घेऊनच त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "आबा, नवा कशाला घेताय? लिनक्स टाकूया."

लिनक्स हे नाव मी ऐकून होतो. पण ते कॉलेजातल्या पोरांचं आणि मोठमोठ्या सर्व्हरचं काम, आपल्यासारख्याचं नव्हे, अशी समजूत. मी विचारलं, "मराठी लिहिता येईल?" म्हणाला, येईल. "ब्लॉग?" तो तर ब्राउझरमध्येच चालतो. "आणि फोटो?" तेही. मग तो हसून म्हणाला, "आबा, सगळे आधी विचारतात ते तुम्ही विचारलंच नाही. गेम्स चालतील का!"

म्हटलं, मला काय करायचेत गेम्स?

पण गडी रंगात आला होता. लिनक्सवर खेळ नाहीत, हे म्हणे फार जुनं दूषण आहे. आणि गंमत अशी, की लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर बांधलं, त्या युनिक्सच्या जन्मातच एका खेळाचा हात आहे. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्सन नावाच्या माणसाने 'स्पेस ट्रॅव्हल' हा ग्रहांमधून यान फिरवायचा खेळ लिहिला. मोठ्या यंत्रावर तो खेळायचा तर एका डावाला यंत्राच्या वेळेचे सुमारे ७५ डॉलर पडायचे. म्हणून त्याने कोपऱ्यात पडलेलं पीडीपी-७ नावाचं लहानसं यंत्र धरलं आणि खेळ त्यावर नेला. त्या खटपटीत त्या यंत्राची जी ओळख झाली, त्यातूनच पुढे त्यावर युनिक्स उभं राहिलं. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने युनिक्सच्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. म्हणजे खेळाला नावं ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी जरा जपूनच बोलावं!

बरं, विंडोजसाठी केलेला खेळ लिनक्सवर चालतो कसा? हे मला समजेल अशा भाषेत सांग म्हटल्यावर त्याने बरं सांगितलं. खेळाचा प्रोग्रॅम सारखा विंडोजला हाका मारत असतो. मला खिडकी दे, इथे चित्र काढ, हा आवाज कर. लिनक्सला ती भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवतात. त्याचं नाव 'वाइन'. (द्राक्षाची नव्हे! 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर' याची आद्याक्षरं.) हे काम १९९३ पासून चालू आहे. खोटं विंडोज उभं करायचं नाही, फक्त प्रत्येक हाकेचा अर्थ लिनक्सला सांगायचा. पुढे २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने याच वाइनवर बेतून 'प्रोटॉन' काढलं. त्यांच्या स्टीम दुकानातले विंडोजचे ढीगभर खेळ त्यामुळे लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये त्यांनी हातात धरून खेळायचं 'स्टीम डेक' नावाचं यंत्रही आणलं, त्याच्या आत लिनक्सच.

"म्हणजे सगळं चालतं?" मी विचारलं. "नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. त्याच्या मित्रांचा लाडका 'व्हॅलरंट' लिनक्सवर चालत नाही. लबाडी पकडणारा त्याचा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो, आणि त्या पहारेकऱ्याला इथे जागाच नाही. तेवढ्यासाठी त्याने स्वतःच्या यंत्रात एका बाजूला विंडोज ठेवलंय.

(जाता जाता आमच्या नातलगांसाठी: तुम्ही फोनवर दुपारभर लुडो खेळता ना, त्या ॲन्ड्रॉइडच्या पोटातसुद्धा लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा 'आपल्याला नाही बाई जमायचं ते लिनक्स' असं म्हणू नका. जमलेलंच आहे!)

तर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने पेन ड्राइव्ह लावला. आधी काही न पुसता नुसतं चालवून दाखवलं आणि मी मान डोलावल्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. खरं सांगायचं तर पहिल्या तासाभरात फरक काही जाणवला नाही. खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, सगळं ओळखीचंच. स्कॅनर तेवढा रुसला, त्याची समजूत दुसऱ्या दिवशी निघाली. मग सवय व्हावी म्हणून त्याने मला 'सुपरटक्सकार्ट' या शर्यतीच्या खेळात बसवलं. लिनक्सचं बोधचिन्ह असलेला पेंग्विन गाडी हाकतो. मी पहिल्याच वळणावर पेंग्विनला भिंतीवर घातला, आणि पुढे उलट्या दिशेने निम्मी शर्यत केली. नातू हसून हसून लोळला. हसण्याच्या भरात बोलून गेला, "आजी असती तर पहिली आली असती!"

आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो.

आता हिच्याबद्दल सांगायला हवं.

हिचं माहेर मोठं, वाड्यातलं. मे महिन्यात पंधरा-वीस मुलं जमायची आणि दुपारभर माडीवर झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन चालायचं. हिच्या हातात पान आलं की समोरच्याकडे काय उरलंय हे ती बरोबर सांगायची म्हणे. आमच्याकडे उलट. वडिलांना पत्ते अजिबात खपत नसत. मीही त्याच वळणाचा. १९७६ साली लग्न होऊन ही आली आणि हिचे पत्ते सुटले. कुणी मनाई केली नव्हती. खेळायला कुणी नव्हतं एवढंच.

२००३ साली चिरंजीवांनी घरी काँप्युटर आणला, विंडोज एक्सपीचा. माउस हातात बसावा म्हणून हिला सॉलिटेअर लावून दिलं. आठवड्यात ती सॉलिटेअरला कंटाळली. म्हणाली, यात निम्मे पत्ते पालथे, नशिबाचा खेळ. मग मुलाने फ्रीसेल दाखवलं आणि ही त्यात जी बसली ती बसलीच.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पत्ते पहिल्यापासून उघडे असतात, आठ रांगांत. लाल-काळा असे उतरत्या क्रमाने एकावर एक लावायचे. वर डावीकडे चार रिकामे खण, तिथे अडचणीचा पत्ता तात्पुरता ठेवायचा. उजवीकडे चार घरं, तिथे एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंग चढवायचे. झाकलेलं काही नाही, फसवणारं कुणी नाही. डाव अडला तर आपलीच चूक. हिला तो खेळ का आवडला हे मला आज कळतं.

फ्रीसेलच्या प्रत्येक डावाला नंबर असतो. आधीच्या विंडोजवर ३२ हजार डाव होते, एक्सपीमध्ये दहा लाख. हवा तो नंबर मागता येई. हिने मुलाची अर्धी कोरी राहिलेली शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि खेळलेल्या डावांचे नंबर त्यात लिहायला लागली. डाव सुटला की बरोबरची खूण. नाही सुटला तर नुसता नंबर.

त्या दिवसांत मी काय करत होतो? शाळा, तपासायचे पेपर, भाषणं. एकदा घरी पाहुणे बसले होते. कुणीतरी काँप्युटरचं कौतुक केलं, तर मी म्हणालो, "कसला काँप्युटर! आमच्याकडे तो म्हणजे आठ हजारांचा पत्त्यांचा कॅट आहे." (किंमत बरीच जास्त होती, पण बोलण्याच्या ओघात मास्तर आकडे बदलतात.) पाहुणे हसले. हीसुद्धा हसली. पाहुणे गेल्यावर तिने काँप्युटरवर विणलेला रुमाल टाकला, तो आठ दिवस काढला नाही. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

आमच्या सांगलीकडे तेव्हा भारनियमन जोरात होतं. रोज काही तास वीज नाही. तर हिने युक्ती काढली. वीज असताना पडद्यावरचा डाव वहीत उतरवून ठेवायची, आणि वीज गेली की चटईवर खरे पत्ते तसेच मांडून खेळायची. मेणबत्तीच्या उजेडात पत्ते मांडून बसलेली ही मला अजून दिसते. एकदा म्हणाली, "अहो, जरा येता का? हा इस्पिकचा एक्का निघतच नाहीये." मी म्हटलं, "अगं, ते तुझं चालू दे." एवढंच. रागावून नव्हे. पण उठलो नाही.

२०१२ साली ही गेली. तो काँप्युटर मी वर्षभर झाकून ठेवला. बघवेना, म्हणून शेवटी भंगारवाल्याला दिला. त्याने चारशे रुपये हातावर ठेवले. नंतरच्या लॅपटॉपवर मी एकदा कसलातरी फुकट पत्त्यांचा खेळ उघडून बघितला होता, पण दर डावाला जाहिरात येई, म्हणून बंद केला. विषय संपला होता.

तो परत निघाला पेंग्विनच्या शर्यतीनंतर. नातू हळूच म्हणाला, "आबा, आजीचा तो जुना पीसी कुठाय?"

मी सांगितलं.

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "त्याची हार्ड डिस्क असती ना, तर तोच फ्रीसेल मी वाइनमधून इथे चालवला असता. छोटी फाइल असते. आणि आजीने किती डाव जिंकले, किती हरले, सलग किती, हे सगळं विंडोज त्याच डिस्कवर लिहून ठेवायचं. तेही मिळालं असतं."

म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वीचा खेळ आज विंडोज नसलेल्या यंत्रावर जसाच्या तसा उघडता आला असता. तिचा हिशेबसुद्धा. आणि मी तो चारशे रुपयांना दिला होता. त्याने हे मला टोचायला सांगितलं नाही, आपलं तांत्रिक म्हणून सांगितलं. पण रात्री मला झोप लागली नाही.

पहाटे उठून मी माळ्यावरची ट्रंक काढली. वही होती.

पहिल्या पानावर, तिच्या गोल अक्षरात, 'डाव नं. १'. आणि खाली आठ रांगांत सगळा डाव उतरवलेला. चौकटचा गुलाम, चौकटची दुर्री, बदामची नव्वी, किलवरचा गुलाम, चौकटची पंजी, बदामची सत्ती, किलवरची सत्ती, बदामची पंजी... ही वरची ओळ. पुढची पानं नंबरांची.

मी नातवाला उठवलं. म्हटलं, "हा डाव तुझ्या लिनक्सवर मिळेल का?" त्याने डोळे चोळत पहिला एक पत्त्यांचा खेळ टाकला, त्यात नंबर मागायची सोयच सापडेना. मग 'पायसॉल एफसी' नावाचा टाकला. हाही फुकट आणि खुला. त्यात शेकडो प्रकारचे एकट्याने खेळायचे पत्ते आहेत. फ्रीसेल निवडून त्याने नंबर दिला. मी वही धरून वाचत होतो. चौकटचा गुलाम. आहे. चौकटची दुर्री. आहे. बदामची नव्वी... बावन्न पत्ते मी एकेक करून ताडून बघितले, पेपर तपासावा तसे. एकही चूक नाही.

आता माझ्या मनात प्रश्न. हा खेळ वेगळ्या लोकांनी लिहिलेला, यंत्र वेगळं, विंडोज नाही. मग हिचा डाव याला ठाऊक कसा?

उत्तर फार साधं निघालं. डाव कुठे साठवलेलेच नसतात! नंबरावरून गणित करून पत्ते दर वेळी नव्याने वाटले जातात. रीत अशी: डावाच्या नंबराला २,१४,०१३ ने गुणायचं, त्यात २५,३१,०११ मिळवायचे. येईल त्याला ६५,५३६ ने भागून पूर्ण भागाकार घ्यायचा, आणि त्याला उरलेल्या पत्त्यांच्या संख्येने भागून बाकी काढायची. ती बाकी म्हणजे पत्त्याचा क्रमांक.

मी कागद घेतला. डाव नंबर १. गुणाकार २,१४,०१३. बेरीज २७,४५,०२४. त्यात ६५,५३६ बसतात ४१ वेळा. पत्ते ५२, म्हणून बाकी ४१. आता पत्ते किलवर, चौकट, बदाम, इस्पिक या क्रमाने, आधी चारही एक्के, मग दुर्र्या, असे शून्यापासून मोजायचे. ४० वर किलवरचा गुलाम. ४१ वर चौकटचा गुलाम!

वहीतला पहिला पत्ता. हिच्या अक्षरातला. मी हाताने काढला होता.

दुसऱ्या पत्त्याचा गुणाकार बारा आकडी झाला तेव्हा मी पेन ठेवलं. नातवाने तेच दहा-पंधरा ओळींत लिहून सगळा डाव छापून दाखवला. ही रीत लोकांना माहीत झाली, म्हणून कुणीही कुठल्याही यंत्रावर तेच डाव वाटू शकतो. डिस्क भंगारात गेली, पण नंबर वहीत होता आणि गणित उघडं होतं. तेवढ्यावर हिचे बावन्न पत्ते परत समोर आले.

मग मी त्या खेळाचा थोडा इतिहास वाचला. काँप्युटरवरचं फ्रीसेल पॉल अल्फिल या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर लिहिलं. म्हणजे विंडोज जन्मायच्या आधी! तेव्हा फ्रीसेल लिनक्सवर आलं हे काही आक्रीत नाही, ते मुळातच विंडोजचं नव्हतं. विंडोजसाठी ते जिम हॉर्नने लिहिलं आणि विंडोज ९५ बरोबर ते घरोघर गेलं. त्याच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं असे, की प्रत्येक डाव जिंकता येतो असं मानतात, पण सिद्ध झालेलं नाही. १९९४ साली डेव्ह रिंग नावाच्या गृहस्थाने ते बत्तीस हजार डाव इंटरनेटवरच्या हौशी लोकांत वाटून दिले. साऱ्यांनी मिळून ते सोडवले. एक सोडून. डाव नंबर ११९८२. तो पुढे यंत्रांनाही सुटला नाही, तो सुटणाराच नाही.

हे वाचलं आणि मी वही घेऊन बसलो. हिचे बिनखुणेचे नंबर किती? चौदा. सगळे बत्तीस हजारांच्या आतले. त्यात ११९८२ आहे का, हे बघताना, खरं सांगतो, मनात इच्छा होती की असावा. म्हणजे म्हणता आलं असतं, तो कुणालाच सुटत नाही, मी उठून आलो असतो तरी काय झालं असतं?

नव्हता. चौदाही डाव सुटणारे आहेत. सबब नाही.

आणि त्या चौदातल्या तीन नंबरांपुढे तिने बारीक अक्षरात लिहिलंय, 'ह्यांना विचारणे.'

मला कधी विचारलं नाही. 'ते तुझं चालू दे' म्हटल्यावर कोण विचारील?

तर मंडळी, दिवाळीपासून मी हे करतोय. मी पत्त्यांत अगदी ढ. पहिले दोन आठवडे साधे डावही सुटेनात. पायसॉलमध्ये कितीही चाली मागे घेता येतात, पण जुन्या विंडोजवर एकच चाल मागे घेता यायची. म्हणून मीही एकच घेतो. हिने ज्या नियमाने खेळला त्याच नियमाने खेळायचं. अडलो की वीज गेल्यासारखा चटईवर खरे पत्ते मांडतो. गुडघे कुरकुरतात, पण पडद्यापेक्षा तिथे जास्त दिसतं.

खेळता खेळता नंबरही उलगडू लागले. हिने ते असेच घेतले नव्हते. २५७६ म्हणजे २-५-७६, आमच्या लग्नाची तारीख. त्यापुढे खूण आहे, सुटलाय! १४६०५ म्हणजे नातवाचा जन्म, १४ जून २००५. तो त्याला दाखवला तर पोरगा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ अंगणात उभा राहिला. एक नंबर गिरणीच्या पावतीचा असावा, एक आमच्या पहिल्या स्कूटरचा. मी रोजनिशी लिहीत होतो, भारदस्त, सुविचारांसकट. हिची रोजनिशी ही अशी आकड्यांची होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

'ह्यांना विचारणे' असं लिहिलेल्या तीन नंबरांपैकी पहिला ५९०४. तो सुटायला नऊ दिवस लागले. त्यातही इस्पिकचा एक्का तळाशी अडकलेला होता. तिने मला हाक मारली तो हाच डाव का, देव जाणे. दुसरा ९३७१, स्कूटरचा. तो चार दिवसांत सुटला. खूण करायला पेन उचललं आणि थांबलो. तिच्या वहीत माझी खूण कशी करू? शेवटी पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. शाळेत शंका असलेल्या उत्तरापुढे मी द्यायचो तसा.

तिसरा नंबर ३०४०८. महिना झाला, सुटत नाही. त्या नंबराचा अर्थही बरेच दिवस लागत नव्हता. दूधवाला, गॅस, पासबुक, सगळं धुंडाळून झालं. परवा पेन्शनच्या कागदात माझा निवृत्तीचा आदेश हाती लागला. ३०/४/०८.

मी निवृत्त झालो त्या दिवसाच्या नंबराचा डाव तिने खेळायला घेतला होता. आता हे घरी असतील, वेळ असेल, विचारू, असं वाटलं असणार. आणि मी निवृत्त झाल्यावर काय केलं? भाषणं, समित्या, वाचनालयाचा कारभार. पुढे चार वर्षं होती आमच्याकडे.

असो.

नातू फोनवर म्हणतो, "आबा, सॉल्व्हर आहे. नंबर दिला की क्षणात सगळ्या चाली सांगतो. पाठवू का?" त्याला म्हटलं, नको रे बाबा. मला विचारलंय, यंत्राला नाही.

लिनक्सबद्दल एवढंच सांगतो. घाबरू नका, जुना लॅपटॉप टाकून देऊ नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ नका. घरातल्या कुणाच्या खेळण्याला हसू नका, हे मी कुठल्या तोंडाने सांगू, पण तेही सांगतो.

तुमच्यापैकी कुणाला हौस असेल तर फ्रीसेल उघडा आणि डाव नंबर ३०४०८ मागा. विंडोज असो, लिनक्स असो, जुन्या नंबरांप्रमाणे वाटणारा खेळ असला की तुमच्यासमोर तेच पत्ते येतील. खेळून बघा.

सुटला तर मात्र मला कळवू नका.